२५ डिसेंबरची सहल : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांनी सहलीला निघण्याआधी हे वाचून घ्यावे.

सकाळी नागपूरचे गोरेवाडा प्राणिसंग्रहालय. स्वतःची गाडी सफारीत जात नाही, त्यांच्याच बसने फिरावे लागते, म्हणून तिकिटे आधीच ऑनलाइन काढा. नाताळच्या सुटीत खिडकीवर रांगेत उभे राहून लेकरं कंटाळतात. संत्री, चिवडा, कुरकुरीत पाकिटे डब्यासोबत गाडीतच ठेवा. सफारीत पाकीट वाजले की माकडांआधी आपलीच पोरं गोंधळ घालतात! गोरेवाडा सोमवारी बंद असते. ज्यांना २५ ला जमणार नाही त्यांनी वार पाहून ठरवावे.

संध्याकाळी सदरचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल (मोठे चर्च). कार घेऊन जाऊ नका, सदरमध्ये पार्किंग शोधण्यातच संध्याकाळ संपते. मेट्रोने या. लोकमान्य नगर किंवा प्रजापती नगरकडून येणाऱ्यांनी सीताबर्डीला गाडी बदलून ऑटोमोटिव्ह चौकाकडची घ्यावी. घाईत खापरीकडची पकडली तर उलट दिशेला जाल. कस्तुरचंद पार्कला उतरून पुढे ऑटो.

प्रार्थना सुरू असेल तर बाहेर थांबा. आत मोबाइल सायलेंट, फ्लॅश बंद. येशूजन्माच्या (गव्हाणीच्या) देखाव्यातल्या मूर्तींना हात लावू देऊ नका, मेणबत्त्यांजवळ ओढणी सांभाळा.

दुपारी ऊन असते म्हणून स्वेटर घरी ठेवू नका; सूर्य मावळला की थंडी झपाट्याने वाढते. कानटोपी हवीच. लहानग्यांच्या खिशात आई-बाबांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.