श्रेयांकांचा हिशेब विद्यार्थ्याच्या हाती लेखी द्या

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नागपूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात मी अनेक वर्षे लिपिक होतो. आता निवृत्त आहे, तरी ओळखीच्या घरांतली मुले गुणपत्रिका घेऊन अजूनही माझ्याकडे येतात. पूर्वी त्यांचा प्रश्न एकच असे : विषय सुटला की राहिला, आणि राहिला असेल तर हिवाळी परीक्षेचा अर्ज केव्हा भरायचा. आता पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले वेगळेच विचारतात. सगळ्या विषयांत उत्तीर्ण होऊनही आपले श्रेयांक (क्रेडिट) कमी का दिसतात, हे त्यांना समजत नाही. मागच्या उन्हाळ्यात उमरेडकडचा एक मुलगा माझ्यासमोर बसून म्हणाला, ‘‘सर, पास झालो नं मी, मंग काहून कमी पडले?’’ त्याला उत्तर देण्यासाठी मला दोन संध्याकाळी कागद चाळावे लागले. मी आयुष्यभर हेच काम केले आहे. मला दोन संध्याकाळी लागत असतील, तर घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेल्या मुलाने काय करावे, या विचाराने हे पत्र लिहीत आहे.

बदल काय झाला, ते आधी थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्र शासनाने 20 एप्रिल 2023 रोजी पदवी अभ्यासक्रमांच्या श्रेयांक आराखड्याचा शासन निर्णय काढला. स्वायत्त महाविद्यालयांत तो 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. प्रत्येक सत्राला 20 ते 22 श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160 ते 176, असे त्याचे माप आहे. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात 15 तासांचे वर्गातील अध्यापन किंवा 30 तासांचे प्रात्यक्षिक. या आराखड्याला माझा विरोध नाही. वाणिज्यच्या मुलीला इतिहासाचा एखादा विषय शिकता यावा, अर्धवट राहिलेले शिक्षण वाया जाऊ नये, या कल्पना मला मनापासून पटतात. आमच्या काळात एका विषयापायी पदवी हुकलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांनी आधी शिकलेल्या साऱ्याचे मोल शून्य धरले गेले, हेही पाहिले आहे.

अडचण बेरजेत नाही, रकान्यांत आहे. 132 श्रेयांक कोठूनही गोळा करून चालत नाहीत. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, व्यावसायिक कौशल्य, क्षमतावर्धन, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, सहअभ्यासक्रम, क्षेत्र प्रकल्प, सामाजिक सहभाग, ऑन जॉब ट्रेनिंग अशा अनेक रकान्यांत ते ठरलेल्या प्रमाणातच मिळवावे लागतात. मुले या रकान्यांना ‘बास्केट’ म्हणतात आणि विषयांची नावे ओई, व्हीएससी, एसईसी, व्हीईसी अशा आद्याक्षरांनीच ओळखतात. एका बास्केटमध्ये दोन श्रेयांक जास्त आणि दुसरीत दोन कमी असतील, तर एकूण बेरीज बरोबर येऊनही पदवी अडते. उमरेडकडच्या त्या मुलाचे हेच झाले होते. खुला ऐच्छिक विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. त्याने मित्रांबरोबर नाव नोंदवले तो विषय त्याच्याच विद्याशाखेतला निघाला. परीक्षा झाली, गुण मिळाले, पण ते त्या रकान्यात धरता येईनात. वर्षाच्या सुरुवातीला त्याचा अर्ज कोणी नीट पाहिला असता, तर पाच मिनिटांत चूक दुरुस्त झाली असती.

महाविद्यालय बदलणाऱ्यांचे प्रश्न याहून अवघड आहेत. नागपूर हे सीमेजवळचे शहर आहे. छिंदवाडा, बालाघाटकडची मुले येथे शिकायला येतात आणि आपलीही मुले वडिलांच्या बदलीमुळे बाहेर जातात. समजा, एखादी मुलगी सत्राला 20 श्रेयांकांच्या आराखड्यातून पहिले वर्ष पूर्ण करून सत्राला 22 श्रेयांकांच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आली. तिचे 40 झाले आहेत, नव्या वर्गातल्या मुलींचे 44. हे चार श्रेयांक तिने केव्हा, कोणत्या विषयांतून आणि कोणत्या परीक्षेत भरून काढायचे, हे प्रवेशाच्या दिवशीच कोणीतरी तिला लिहून द्यायला हवे. बहुधा होते असे की प्रवेश मिळतो, शुल्क भरले जाते, आणि चार श्रेयांकांचा विषय थेट शेवटच्या सत्रात निघतो.

विद्यार्थी या साऱ्याशी कसे जुळवून घेतात, हे मी जवळून पाहतो आहे, आणि त्यांच्या चिकाटीचे मला कौतुक वाटते. पूर्वी वरच्या वर्गातली मुले खालच्यांना सांभाळत. कोणता विषय सोपा, कोणत्या सरांच्या नोट्स कामाच्या, परीक्षेचा अर्ज भरताना कोठे चूक होते, ही विद्या एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जात असे. 2024-25 मध्ये आलेल्या तुकडीला मात्र वाट दाखवणारे कोणी नव्हते, कारण वरचे सगळे जुन्या पॅटर्नचे होते. सीताबर्डीवर मिळणारी जुनी पुस्तकेही त्यांच्या फारशी उपयोगी पडली नाहीत. मग त्यांनी व्हॉट्सॲपवर गट केले, एकमेकांचे पीडीएफ मागितले, ज्याला थोडे कळले त्याने बाकीच्यांना समजावले. माझ्या शेजारची एक विद्यार्थिनी, जी भंडाऱ्याहून येऊन येथे खोली घेऊन राहते, तिने वहीच्या शेवटच्या पानावर रकाने आखले आहेत. वरती बास्केटची नावे, डावीकडे सत्रे, आणि निकाल लागला की ती त्या चौकटीत आकडा भरते. जेथे आकडा कमी तेथे लाल शाई. तिने ते पान मला दाखवले तेव्हा माझ्या मनात आले की हे काम संस्थेचे होते, ते एका अठरा वर्षांच्या मुलीने आपल्या अंगावर घेतले आहे.

निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल बरेच बोलले जाते, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात खुल्या ऐच्छिक विषयांची यादी लांबलचक असू शकते. रामटेक, काटोल, कुही, भिवापूर यांसारख्या तालुक्यांतल्या लहान महाविद्यालयात शिक्षकांच्या जागाच रिकाम्या असतील, तर तेथे जो एखादा विषय शिकवता येईल तोच सर्वांनी ‘निवडायचा’ असतो. शिवाय मुलाची निवड आवडीवर जितकी ठरते तितकीच ती परतीच्या एसटीवर ठरते. शेवटच्या तासिकेला थांबले तर गाडी जाते, म्हणून मुले तो विषय घेतच नाहीत. स्वयम् या शासकीय मंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 च्या विनियमांत दिली आहे. लहान महाविद्यालयांना तो मोठा आधार ठरू शकतो, पण ही वाट असल्याचे आधी विद्यार्थ्याला कळायला तर हवे.

सर्वांत जास्त काळजी मला नोकरी करून शिकणाऱ्यांची वाटते. नागपुरात सकाळच्या महाविद्यालयांची परंपरा जुनी आहे. सात वाजता वर्ग, अकरा-बाराला इतवारी, गांधीबाग किंवा बर्डीवरच्या दुकानात हजेरी आणि रात्री घर, अशी हजारो मुलांची पदवी पूर्ण झाली आहे. नव्या आराखड्यात शेवटच्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंगला चार श्रेयांक आहेत, म्हणजे 30 तासांच्या हिशेबाने 120 तास. वाणिज्यचा जो मुलगा दोन वर्षांपासून इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याकडे रोज हिशेब लिहितो, जीएसटीची बिले लावतो, त्याने हे 120 तास आणखी कोठे शोधायचे? त्याचे तेच काम, मालकाचे पत्र आणि प्राध्यापकाची देखरेख घेऊन, प्रशिक्षण म्हणून धरता यायला हवे. ते धरले जाईल की नाही, हे त्याला पाचव्या सत्रातच लेखी सांगितले पाहिजे. तसे न झाल्यास त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : नोकरी सोडणे किंवा कोणाकडून तरी खोटे प्रमाणपत्र आणणे. प्रामाणिक मुलाला अशा पेचात टाकणारी व्यवस्था आपल्याला नको आहे. कला शाखेच्या खेड्यातल्या मुलींना तर बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहती असून नसल्यासारख्याच. त्यांच्यासाठी ग्रामपंचायत, सार्वजनिक वाचनालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, बचत गटांचे कार्यालय अशा जागांची यादी महाविद्यालयानेच तयार ठेवली तर प्रश्न निम्मा सुटेल.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सविषयीही लिहायला हवे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक डिजिटल खात्यात जमा ठेवणारी ही बँक 2021 च्या विनियमांनी आली, तिच्यातील श्रेयांक साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात आणि डिजिलॉकरमधून विद्यार्थ्याला आपले खाते पाहता येते. कल्पना उत्तम आहे. पण विद्यापीठाकडून श्रेयांक चढवले गेल्याशिवाय खात्यात काही दिसत नाही, आणि नावातला फरक आड येतो तो वेगळाच. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर ते शेवटी, कोठे वडिलांचे नाव पूर्ण, कोठे नुसते आद्याक्षर. शिकता शिकता लग्न झालेल्या मुलींचे तर नावच बदललेले. ही दुरुस्ती पहिल्या सत्रात सोपी असते. पदवीच्या वेळी, एमपीएससीचा अर्ज भरायची तारीख डोक्यावर असताना, ती मुलांच्या डोळ्यांत पाणी आणते.

जुन्या पॅटर्नमध्ये अडकलेल्यांबद्दल लिहिताना मला माझ्या स्वतःच्या एका चुकीची आठवण येते. वार्षिक पद्धत जाऊन सत्र पद्धत आली तेव्हा जुन्या अभ्यासक्रमाच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना ठरावीक संधींनंतर नव्या अभ्यासक्रमातील समकक्ष विषय घ्यावा लागे. त्याची सूचना कार्यालयात आली, मी ती फलकावर लावली आणि माझे काम झाले असे समजलो. एक विद्यार्थिनी आईच्या आजारपणामुळे दोन महिने गावी होती. ती आली तेव्हा अर्जाची मुदत संपली होती आणि तिचे वर्ष गेले. तिचा पत्ता माझ्या नोंदवहीत होता. एक पोस्टकार्ड पुरले असते. आजही जुन्या आराखड्यातले एक-दोन विषय राहिलेली मुले गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी जुनी परीक्षा आणखी किती वेळा होणार, समकक्ष विषय कोणता आणि त्याचे श्रेयांक किती धरणार, हे नुसते संकेतस्थळावर टाकून भागणार नाही. त्यांचे मोबाइल क्रमांक महाविद्यालयांकडे आहेत.

मध्येच शिक्षण सोडणाऱ्यांबाबतही असाच गैरसमज आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते, एवढेच लोकांनी ऐकले आहे. त्यासाठी चार अतिरिक्त श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता (इंटर्नशिप) पूर्ण करावी लागते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते, हे घरी परतणाऱ्या मुलीला सांगणारे कोणी नसते. ती दाखला घेऊन जाते आणि दार उघडे आहे हे तिला माहीतच नसते.

या सगळ्यावर माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या सही-शिक्क्याचा एक कागद मिळावा. त्यावर त्याने कोणत्या बास्केटमध्ये किती श्रेयांक मिळवले, किती बाकी आहेत आणि ते या वर्षी कोणत्या विषयांतून मिळतील, एवढे मराठीत लिहिलेले असावे. त्या कागदावर जी आवश्यकता लिहिली गेली ती त्या तुकडीच्या पदवीपर्यंत कायम राहावी. नंतर निघालेला कोणताही बदल पुढच्या प्रवेशांना लागू व्हावा, आणि चालू तुकडीला तो लागू करायचाच असेल तर फक्त विद्यार्थ्याच्या फायद्याचा असेल तेव्हाच. श्रेयांक चुकीच्या रकान्यात गेले आणि ती चूक कार्यालयाची असेल, तर त्याची भरपाई विद्यार्थ्याच्या वर्षाने होऊ नये. हे काम कार्यालयातल्या अपुऱ्या कर्मचाऱ्यांवर पडेल, याची मला पूर्ण जाणीव आहे, कारण त्या खुर्चीवर मी बसलो आहे. म्हणून प्रत्येक प्राध्यापकाकडे वीस-पंचवीस मुले सोपवून हा कागद त्यांच्या सहीने तयार व्हावा आणि कार्यालयाने तो फक्त तपासावा, असे सुचवतो.

4 ऑगस्ट 1923 रोजी स्थापन झालेले आपले विद्यापीठ 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करते. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतून येणारी मुले हाच त्याचा मोठा विद्यार्थिवर्ग आहे. 2024-25 ची तुकडी 2027 च्या उन्हाळी परीक्षेत पदवीच्या उंबरठ्यावर असेल. त्यांची राहिलेली जुळवाजुळव करायला पाचवे आणि सहावे सत्र, एवढाच अवधी हाती असतो. विद्यापीठ प्रशासन, प्राचार्य आणि अधिसभेच्या सदस्यांनी हा प्रश्न त्याआधी हाती घ्यावा आणि तो कागद पाचव्या सत्राच्या नोंदणीबरोबरच मुलांच्या हाती द्यावा, ही विनंती.

आपला,
परीक्षा विभागातील एक निवृत्त लिपिक,
नागपूर