नासर्डीचा काठ तळातून पोखरतोय, तिकडंही बघा

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात सगळ्या नाशिकचं लक्ष गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडं असतं, पाणी तिच्या कमरेला लागलं की छातीला, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, आणि ते बरोबरच आहे, 2008 आणि 2019 चा पूर कोण विसरेल. पण नासर्डी नदीचं, म्हणजे आपल्या नंदिनीचं, गणित वेगळंय. तिच्यावर गंगापूरसारखं मोठं धरण नाही, त्यामुळं विसर्गाचा इशाराही नाही. सातपूर, सिडकोकडं तासभर जोरात पडला की गच्च्या, डांबरी रस्ते, पेव्हर ब्लॉक सगळीकडचं पाणी एकदम नदीत येतं, मुरायला जागाच ठेवली नाही ना कुठं. त्यात गोदावरी फुगलेली असली की टाकळीच्या संगमावर नासर्डीला वाट मिळत नाही, पाणी मागं तुंबतं.

खरं नुकसान पाणी ओसरल्यावर दिसतं. काठ वरून झिजत नाही हो, तळातून पोखरतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार लागते, खालची माती जाते, वरचा थर नुसता लोंबकळत राहतो. पाणी उतरलं की भिजून जड झालेल्या त्या काठाला आधार राहत नाही आणि ऊन पडल्यावर, सगळे निर्धास्त झाल्यावर तो कोसळतो. मुलं तिथंच कडेला उभी राहून पाणी बघत असतात, जीव घाबरतो.

यावर उपाय म्हणून दरवेळी एकच, काँक्रीटची भिंत. जिथं घरं अगदी टेकलीत किंवा पुलाजवळ, तिथं भिंत लागणारच, मान्य. पण सगळीकडं भिंत घातली की पात्र अरुंद होतं, पाणी वेग धरतं आणि पुढच्या वस्तीचा नाहीतर समोरचा काठ खातं. भिंतीचा पाया तळाच्या पुरेसा खाली गेला नसेल, मागचं पाणी निघायला होल ठेवले नसतील तर ती भिंतही कलते. त्यापेक्षा जागा आहे तिथं काठाला उतार द्या, पायथ्याला तारेच्या जाळीत दगड भरून बसवा आणि वरच्या उतारावर वाळ्याचं गवत लावा, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात, माती धरून ठेवतात. वर करंज, वाळुंज लावा, ही नदीकाठचीच झाडं आहेत. पहिली दोन वर्षं जगवायची जबाबदारी मात्र ठेकेदारावर लेखी पाहिजे, नाहीतर नुसते खड्डे राहतात.

आणि गाळाचं तर काय सांगू, मे महिन्यात जेसीबी येतो, गाळ काढून काठावरच ढीग लावतो, पहिल्या मोठ्या पावसात तो परत पात्रात. पाईप टाकून केलेल्या छोट्या फरशी पुलांना प्लास्टिक आणि पाणवेली अडकतात, पाणी रस्त्यावर चढतं.

25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांच्या पुराची लाल रेषा, दोन्ही नकाशावर असतात, पण भराव टाकणाऱ्याला त्या दिसत नाहीत. त्या रेषा प्रत्यक्ष जागेवर खांब रोवून दाखवा, रंग लावा, म्हणजे शेजारपाजारचे लोकच हटकतील.

आता 2027 च्या सिंहस्थासाठी घाटांची, रस्त्यांची कामं चाललीत. त्यातच नासर्डी आणि वाघाडी या नद्यांच्या काठांचं काम घ्यावं, आणि कुठल्या वळणावर भिंत, कुठं दगड, कुठं वाळा हे टेंडर निघायच्या आधी काठावरच्या लोकांना बोलावून नकाशावर दाखवावं, एवढी विनंती आपल्या पेपरमधून पोचवावी.

आपला,
नासर्डीकाठचा एक रहिवासी, नाशिक