‘आयर्विनला पाणी किती?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या आयर्विन पुलाचा वर्धापनदिन १८ नोव्हेंबरला येतो. तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते १९२९ साली याच तारखेला पुलाचे उद्घाटन झाले. म्हणजे २०२९ मध्ये त्याची शंभरी भरेल. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या राजवटीत हा पूल बांधला गेला आणि भर पावसाळ्यात सांगलवाडीला जायचे तर नावाड्याच्या भरवशावर राहण्याची वेळ संपली. उद्घाटनाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, ३१ ऑक्टोबरला, याच व्हाइसरॉयनी हिंदुस्थानला वसाहतीच्या स्वराज्याचे आश्वासन दिले होते. ते हवेत विरले. नाव मात्र कृष्णेवर राहिले, आणि तेही सांगलीकरांनी इतके आपलेसे केले की आयर्विन हा कोणी माणूस होता हे पुष्कळांना सांगावे लागते.

आमच्यासाठी आयर्विन हे पाणी मोजण्याचे ठिकाण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढला, किंवा हरिपूरच्या संगमावर वारणा फुगून कृष्णेचे पाणी तुंबू लागले, की गावात एकच प्रश्न फिरतो : ‘आयर्विनला किती?’ उत्तरादाखल नुसता आकडा पुरतो, फूट हा शब्दही कोणी उच्चारत नाही. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरातली माणसे तर त्याच्या कितीतरी आधीच धान्याची पोती माळ्यावर चढवू लागलेली असतात.

२००५ मध्ये हा आकडा ५३ च्या वर गेला, तेव्हा याहून मोठा पूर आपल्या हयातीत येणार नाही, असे आम्ही एकमेकांना सांगितले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो ५७ च्या वर गेला आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. माझ्या घराच्या मधल्या भिंतीवर आम्ही पेन्सिलीने रेघा मारून शेजारी साल लिहून ठेवले होते. २००५ ची रेघ गुडघ्याच्या थोडी वर होती, तर २०१९ ची माझ्या हनुवटीला लागत होती. गेल्या दिवाळीत रंगकाम करणाऱ्या कारागिराने पॉलिशपेपर मारताना दोन्ही घासून टाकल्या. त्याला दोष देत नाही, मीच सांगायला विसरलो. पण त्या दिवसापासून, रेघ कुठे होती यावर घरात दोन मते आहेत.

म्हणून शंभरीच्या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. रोषणाई आणि सेल्फी पॉइंट होतीलच. त्याआधी प्रत्येक महापुराची पातळी सालासह पुलाच्या खांबावर, घाटावरून सहज वाचता येईल अशी, दगडात कोरावी. रंगाने लिहू नये, तो दोन पावसाळ्यांत जातो. शेजारच्या समांतर पुलामुळे जुन्या पुलावरचा भार हलका झाला असेल, तर त्याच्या कमानी आणि पायांची तपासणीही याच वेळी करून तिचा अहवाल नागरिकांना वाचायला मिळावा. कोरण्याचे काम उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलेले असताना, सहज होण्यासारखे आहे.

आपला,
एक वाचक, सांगली