अमेरिकेतल्या माँटगोमेरीहून नाना आणि मायला

ती. नाना व माय यांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. कळण्याचं पीठ अजून पुरतंय, काळजी करू नका.

नाना, "काळ्या लोकांपासून जपून राहा" असं तुम्ही दोनदा म्हणालात. ते मनाला लागलं. मला ताप भरला तेव्हा रात्री दोनला दवाखान्यात नेलं ते माझ्या शिफ्टमधल्या काळ्या माणसानंच. रविवारी त्यानं इथलं स्मारक दाखवलं. 1877 ते 1950 या काळात जमावानं जीव घेतलेल्या 4,400 हून जास्त काळ्या लोकांची नोंद आहे. लोखंडाचे 800 च्या वर खांब, एकेक खांब एकेका जिल्ह्याचा, त्यावर नावं. आत शिरताना खांब समोर असतात. पुढं जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर लटकलेले राहतात. त्याच्या आजीच्या जिल्ह्याच्या खांबाखाली तो मान वर करून उभा होता, एक शब्द बोलला नाही. पोलिसानं गाडी अडवली तर हात स्टिअरिंगवरच ठेवायचे, हे तो आजही आपल्या पोराला बजावतो.

इथल्या संग्रहालयात, जिथं जीव घेतले त्या त्या जागेची माती बरण्यांत भरून ठेवलीय. एका बरणीतली अगदी आपल्या कापसाच्या रानासारखी काळीभोर. हा मुलूखही कापसाचाच, गुलामांनी वेचलेल्या. 1861 मध्ये इथं यादवी युद्ध पेटलं, बंदरं अडली, म्हणून खान्देशच्या कापसाला भाव आला. आपला वाडा त्याच तेजीतला ना?

इथली एक रीत मला आधी कळेचना. अंत्ययात्रेच्या गाड्या दिवे लावून निघाल्या की समोरून येणारे सगळे गाडी कडेला घेऊन थांबतात. मला वाटलं, पुढं अपघात झाला. तर ना ओळख ना पाळख, तरी शेवटची गाडी जाईपर्यंत कुणी हलत नाही, हॉर्नसुद्धा नाही. बरणीतल्या कितीजणांची यात्रा निघाली असेल, असं आता दर वेळी मनात येतं.

माय, ताईच्या लग्नाचे एक लाख पाठवलेत, मंडपवाल्याची उचल देऊन टाका. रजा आठच दिवस मिळाली, हळदीच्या आदल्या दिवशी पोचतो. आखाजीला येतो म्हणून आलो नाही, ताई रुसली असेल. तिला सांग, हळदीला नक्की.

नाना, एक मागणं आहे. वेचणीच्या सखूमावशीला आपण ओट्याखाली बसवून वरून पाणी ओतायचो. मीही ओतलंय. तिच्या घरी आमंत्रणाला तुम्ही स्वतः जा. पंगतीत ती आपल्या शेजारी बसेल, वाढायला मी आहे.

तुमचा,
बापू