पिल्लाला तांबडा रस्सा नको

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या मंगळवार पेठेत सध्या बऱ्याच घरात लॅब्राडॉर नाहीतर जर्मन शेफर्डचं पिल्लू दिसतंय, बघून बरं वाटतं, पण रविवारी मटण झालं की उरलेला तांबडा रस्सा भाकरीत कुस्करून त्याच्यापुढं ठेवतात ते बघवत नाही. रश्शात कांदा-लसूण असतो, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेल्या हाडाचे तुकडे तर आतड्यात टोचतात. नुसतं दूध-चपाती पण पुरत नाही, वाढत्या पिल्लाला प्रोटीन लागतं, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन द्या की.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाडं मजबूत व्हावीत म्हणून मनानंच कॅल्शियमची बाटली आणून पाजणं. लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, मोठ्या जातीत त्यानं हाडांची वाढ बिघडून पाय वाकडे होऊ शकतात, आमच्या पिल्लाचे झाले म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय. मोठ्या जातीचं असेल तर कुत्र्याच्या तयार खाण्याच्या पाकिटावर 'लार्ज ब्रीड पपी' (मोठ्या जातीचं पिल्लू) लिहिलेलं बघून घ्या, ६ महिन्यांपर्यंत दिवसातून ३ वेळा द्या, आणि खाणं बदलायचं तर ७ ते १० दिवस जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत बदला, नाहीतर जुलाब लागतात. दुकानदारांनी पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती बाटली देऊ नये, हात जोडून सांगतो.

- एक वाचक, कोल्हापूर