रंगपेट्या पुरे, काळ्या पेन्सिली द्या!

समस्त ग्रामस्थ आणि पोटापाण्यासाठी पुणे, नाशिक, सुरतेला गेलेल्या गावकऱ्यांनो,

यावल तालुक्यातल्या आपल्या जिल्हा परिषद शाळेला तुम्ही दरवर्षी रंगपेट्या देता. त्याबद्दल आभार आहेतच. पण यंदा स्पष्टच सांगतो, रंगपेट्या नकोत. कपाटात न फोडलेल्या पडून आहेत.

तिसरी ते पाचवीच्या ६४ मुलांना यंदा छायाप्रकाश शिकवायचा आहे. आपली मुले चेंडू काढतात तो कळण्याच्या भाकरीसारखा चपटा. गोल रेघ, आत लाल रंग, झाले काम! चेंडूचा फुगवटा दिसतो तो उजेडामुळे. एका बाजूला उजळ, मग मध्यम छटा, मग गडद आणि खाली जमिनीवर पडछाया. गडद बाजूच्या अगदी कडेला जमिनीवरून परतलेला अंधूक उजेडही असतो, तो मोठ्यांनाही पटकन दिसत नाही. वस्तू रंगीत असली की मुले रंगातच अडकतात, म्हणून सुरुवात पांढऱ्या वस्तूपासून. कुंभारदादांनी दोन मडकी दिली, चुना आम्ही मारला.

एक तास घेऊनही पाहिला. खिडक्यांना पोती लावली, मोबाइलची बॅटरी एका बाजूने धरली आणि मडक्याशेजारी भरताचे हिरवे वांगे ठेवले. "हाई वांगं तं चमकी ऱ्हायनं!" म्हणत पोरं पुढे सरकली. डोळे किलकिले करून पाहा म्हटल्यावर बारकावे गळाले, नुसता उजेड-अंधार उरला. तो त्यांना बरोबर दिसला. घोडे अडले ते कागदावर. सगळ्यांकडे लिहायची नेहमीची एचबी पेन्सिल. ती राखाडीपुढे जात नाही, मग पोरं जोर लावतात आणि वही फाटते. ६बी पेन्सिलीत ग्राफाइट जास्त, माती कमी, म्हणून ती हलक्या हातानेही काळीभोर उमटते. पाच चौकोनांची पट्टी कोऱ्यापासून काळ्यापर्यंत चढवत न्यायची, हा पहिला धडा. तोच एचबीवर होत नाही.

तेव्हा हवे आहे ते असे: प्रत्येक मुलाला एक २बी (एचबी आणि ६बीच्या मधली) आणि एक ६बी पेन्सिल, कार्ट्रिज कागद म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, मान वळवता येणारा एक टेबल लॅम्प आणि दोन खिडक्यांपुरते जाड काळे कापड. चित्र छापलेल्या, नुसता रंग भरायच्या वह्या कृपया आणू नका.

वस्तूंपेक्षा मोठी अडचण माणसाची आहे. शिक्षणहक्क कायद्यात अर्धवेळ कलाशिक्षकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीही पट शंभराच्या वर असेल तर. आपल्या लहानग्यांच्या वाट्याला ते येत नाही. फैजपूर, सावदा, भुसावळकडच्या निवृत्त चित्रकला शिक्षकांनी महिन्यातून दोन शनिवार सकाळच्या शाळेत यावे, ही हात जोडून विनंती. जाण्यायेण्याचा खर्च समिती करील, चहा-नाश्ता गावाकडे लागला.

कोणी हिवाळ्यात एक दिवस गाडी दिली तर मुलांना अजिंठ्याला नेऊ. पहिल्या लेण्यातल्या भिंतीवर रंगवलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या नाकावरचा उजळ पट्टा त्यांनी स्वतः शोधावा, एवढीच इच्छा.

वस्तू शाळेत मुख्याध्यापकांकडे द्याव्यात, नोंदवहीत नाव लिहून पोच मिळेल. रोख रक्कम घेणार नाही. लॅम्प देणाऱ्याने मात्र आधी कळवावे. दहा लॅम्प आले आणि पेन्सिल एकही नाही, असे व्हायला नको.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती