सप्त्याचं डिजिटल आणि पोस्टाच्या तिकिटाएवढा पांडुरंग

संपादक साहेब,
रामकृष्णहरी.

आषाढी जवळ आली की तुमच्या पेपरात वारीचं पान सुरू होतं, ते मी रोज वाचते, म्हणून म्हटलं आपणबी चार ओळी लिहाव्यात. आमच्या गावात सप्ता असला की वेशीत एवढं मोठ्ठं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा बोर्ड, लागतं, त्यात पांडुरंग कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि बाकी सगळे अन्नदाते हात जोडून, आणि ज्याचा फोटो खालच्या रांगेत आला तो रुसून पंगतीलाच येत नाही. मंदिरातल्या फॅनच्या पात्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव, फॅन चालू केला की वाचता येत नाही तेवढं एक बरंय.

पोरं टाळ घेऊन रील काढायलेत, त्यांना मी नावं ठेवत नाही, तेवढ्यानं तरी टाळ हातात धरलाय. पण व्ह्यू आले नाहीत म्हणून दिवसभर तोंड पाडून बसायचं, हे कशाचं भजन?

मी गंगाखेड तालुक्यातली, म्हणजे जनाबाईच्या मुलखातली. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी बाई, तिला शाबासकी कोण देणार होतं, पण तिनं जे मागायचं, भांडायचं ते विठ्ठलाशीच, शिव्यापण त्यालाच दिल्या. आता कुणी म्हणेल देवाला मानलं की कुणाचं ऐकायचं नाही का, तर तसंही नाही. तेरला गोरोबाकाका कुंभारांनी मडकी घडवायच्या थापटण्यानं सगळ्या संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं ही गोष्ट सगळ्यांना माहीतय. नामदेव रागारागानं पंढरपूरला गेले, पण विठ्ठलानं काय लाड केले नाहीत, गुरू कर म्हणून औंढ्याला विसोबा खेचरांकडं पाठवलं. म्हणजे देव नुसती वाहवा करतो असं नाही, तो चूकपण दाखवतो, फक्त चार लोकांत हसं करत नाही.

मालक गेल्यावर मला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. माळ घातली तर म्हणे आता हिला भक्ती सुचायली, नसती घातली तर म्हणाले असते देवाधर्माचं काही नाही. लोकांचं तोंड दोन्हीकडून चालू. संध्याकाळी हरिपाठाला उभं राहिलं की कोण काय म्हणलं ते डोक्यातून जातं, निदान तेवढ्यापुरतं तरी, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायांच्या दारावरून जाताना मान खाली जात नाही, मला तेवढं पुरतं.

यंदा श्रावणातल्या सप्त्याला आमच्या गल्लीतून भाकरी जाणारेत, आमटी मंदिरातच होईल. कुणाच्या घरून किती भाकरी आल्या त्याचं डिजिटल लावायचं नाही असं आम्ही भजनी मंडळातल्या बायांनी ठरवलंय. आमच्या जाऊबाईंचं मात्र अजून चाललंय, डिजिटल नको तर नको, माईकवर नावं तरी घ्या म्हणून.

– एक वाचक, ता. गंगाखेड, जि. परभणी